सॉफ्टवेअरने नाव दिलं म्हणजे संयुग सापडलं का? (वनस्पतींची रसायनं आणि एलसी-एमएस)

पानशिरा

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हे मनात साचलंय, आज सविस्तर लिहिते. मी एका झुडपाच्या पानांतली रसायनं शोधायचं काम करते. झुडपाचं नाव इथे देत नाही, कारण प्रजातीबद्दल माझीच अजून खात्री झालेली नाही. पद्धत नेहमीचीच. पानं द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटली, ८० टक्के मिथेनॉलमध्ये अर्क काढला, सेंट्रिफ्यूज केला, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला आणि सी-१८ कॉलमवरून (तिथे अर्कातली द्रव्यं एकेक करून वेगळी होतात) मास स्पेकमध्ये, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रात, सोडला. हेच एलसी-एमएस. कॉलममधून वाहणारा द्रव (मोबाइल फेज) पाणी आणि ॲसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह (रेणूंवर धन किंवा ऋण विद्युतभार आणून), दोन्ही मोडमध्ये चालवलं.

सॉफ्टवेअरने दोन हजारांच्या आसपास सिग्नल वेचून दिले आणि त्यांतल्या सहाशेवर सिग्नलांना नावंही दिली. यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी ओळ न् ओळ वाचायला बसले, तर तीत समुद्री स्पंजातलं एक अल्कलॉइड निघालं, एक तणनाशक निघालं, आणि माणसांना देतात ते ट्रॅमाडॉल नावाचं वेदनाशामकही निघालं.

त्याआधी माझे एकदा हात पोळले होते. पॉझिटिव्ह मोडमध्ये ३९१.२८४३ ला एक उंच शिखर येत होतं. सगळ्या नमुन्यांत, अगदी स्पष्ट. सूत्र निघत होतं कार्बन २४, हायड्रोजन ३८, ऑक्सिजन ४. मला ते टर्पिनॉइड वाटलं, कदाचित नवीनही. तीन आठवडे मी त्याच्यामागे होते. मग एका संध्याकाळी नुसतं मिथेनॉल त्याच नळीत, त्याच फिल्टरमधून नेऊन चालवलं, आणि ३९१.२८४३ तिथेही तेवढ्याच उंचीचं! तो थॅलेट होता, प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात घालतात तो. तुकड्यांत १४९.०२३३ ठळक दिसत होता, म्हणजे ओळखपत्र समोरच होतं. मी ब्लँक, म्हणजे झाडाशिवायचा नुसता विद्रावक, चालवायला तीन आठवडे उशीर केला होता.

आता माझ्यावर दबाव आहे तो ही सहाशे नावांची सारणी तशीच छापायला द्यायचा. ‘सगळे असंच करतात’ हे उत्तर मला पटत नाही. उद्या कोणीतरी ती सारणी वाचून ‘या झुडपात अमुक औषधी द्रव्य आहे’ असं पुढे लिहील, त्यावरून तिसरा लिहील, आणि मुळात ते द्रव्य कोणी पाहिलेलंच नसेल.

मदत हवी आहे ती एका शिखरापासून सुरुवात करायला. निगेटिव्ह मोड, ४४७.०९३३, कॉलममधून बाहेर पडायची वेळ ७.८ मिनिटं. सॉफ्टवेअर म्हणतं क्वेर्सिट्रिन, गुण १०० पैकी ९२. मी मानू का?

सूर्यकमळ

अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात. माझ्या प्रबंधातही अशी एक सारणी आहे आणि तिच्यातल्या निम्म्या नावांवर आज मी सही करणार नाही. वाचतोय.

कुतूहल

मी या क्षेत्रातला नाही, वनस्पतींची आवड म्हणून वाचतो. एक प्राथमिक प्रश्न. यंत्र चार दशांश स्थळांपर्यंत वजन सांगतं, तरी नाव का सांगू शकत नाही? इतकं अचूक वजन दुसऱ्या कशाचं असणार?

दशांशचिन्ह

कुतूहल, प्रश्न प्राथमिक असला तरी सगळा धागा त्याच्याभोवतीच फिरणार आहे, म्हणून नीट लिहितो.

अचूक वजनावरून आपल्याला सूत्र मिळतं, म्हणजे रेणूत कोणते अणू किती आहेत ते. ४४७.०९३३ वरून कार्बन २१, हायड्रोजन २०, ऑक्सिजन ११ हे सूत्र निघतं (निगेटिव्ह मोडमध्ये एक प्रोटॉन गेलेला असतो, तो धरून). वाटल्यास समस्थानिकाच्या शिखरावरून पडताळा घ्या. निसर्गात दर शंभर कार्बनमागे साधारण १.१ अणू कार्बन-१३ चा असतो, तेव्हा २१ कार्बन असतील तर ४४८ च्या शिखराची उंची ४४७ च्या उंचीच्या साधारण २३ टक्के हवी. इथवर यंत्राचं म्हणणं खरं मानायला हरकत नाही.

पण तेवढेच अणू वेगवेगळ्या तऱ्हेने जोडता येतात. याच सूत्राची, वनस्पतींत नेहमी भेटणारी निदान पाच संयुगं मला इथे बसल्या जागी आठवतात: क्वेर्सिट्रिन (क्वेर्सेटिनला ऱ्हॅम्नोज जोडलेलं), ॲस्ट्रागॅलिन (केम्फेरॉलला ग्लुकोज), सिनारोसाइड (ल्युटिओलिनला ग्लुकोज), आणि ओरिएंटिन व आयसोओरिएंटिन, ज्यांत ग्लुकोज ल्युटिओलिनच्या थेट कार्बनला चिकटलेलं असतं. पाचांचं वजन शेवटच्या दशांशापर्यंत एकच. यंत्र कितीही महाग घ्या, वजनाने यांना वेगळं करता येणार नाही.

म्हणून रेणू फोडायचा आणि तुकडे बघायचे. पानशिरा, तुमच्या शिखराचा एमएस-एमएस (तुकड्यांचा वर्णपट) उघडा आणि पुढचं ताडून पाहा:

क्वेर्सिट्रिन असेल तर ऱ्हॅम्नोजचे १४६.०५७९ गळतील आणि ३०१.०३५ किंवा ३००.०२७ दिसेल.

ॲस्ट्रागॅलिन किंवा सिनारोसाइड असेल तर हेक्सोजचे १६२.०५२८ गळून २८५ च्या आसपास शिखर येईल. इथे एक बारकावा आहे. साखर तिसऱ्या स्थानावरच्या ऑक्सिजनवर असेल, जशी ॲस्ट्रागॅलिनमध्ये असते, तर बंध मधोमध तुटून २८४.०३३ चा मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेला तुकडा) बराच जोरात येतो. सातव्या स्थानावर असेल तर २८५.०४० वरचढ राहतो.

ओरिएंटिनच्या जोडीत साखर सुटूनच येत नाही, कारण कार्बन-कार्बन बंध पक्का. तिथे साखरेचं कडं मध्येच फाटतं आणि १२० व ९० गळतात, म्हणजे ३२७.०५ आणि ३५७.०६. आयसोओरिएंटिनमध्ये पाणी जाऊन ४२९ सुद्धा चांगलं दिसतं.

काय दिसतंय ते सांगा. सॉफ्टवेअरचा ९२ गुण बाजूला ठेवा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्या गुणाचा मोठा हिस्सा वजन आणि समस्थानिकांवरूनच येतो, आणि तो या पाचही जणांना सारखाच मिळाला असता.

पानशिरा

दशांशचिन्ह, मनापासून आभार. आत्ताच उघडून पाहिलं. २८५.०४०३ सगळ्यात उंच. २८४.०३ आहे, पण त्याच्या पाव उंचीचं. ३०१ आणि ३०० च्या जागी काही नाही. ३२७, ३५७ दोन्ही नाहीत. खाली १३३.०२९ ला एक लहान पण स्वच्छ शिखर आहे.

म्हणजे क्वेर्सिट्रिन नक्की नाही! यादीत ९२ गुणांनी बसलेलं नाव पाच मिनिटांत बाद झालं.

दशांशचिन्ह

हो, बाद. आणि १३३.०२९ ही चांगली खूण सांगितलीत. तो तुकडा ल्युटिओलिनच्या बी-कड्यातून (रेणूतल्या तीन कड्यांपैकी एक) येतो. केम्फेरॉलच्या बी-कड्यावर एकच हायड्रॉक्सिल असतो, त्यामुळे तिथे हा ठळक दिसत नाही. सध्या पारडं ल्युटिओलिनच्या बाजूने झुकतंय, साखर बहुधा सातव्या स्थानावर.

मात्र इथेच थांबा. ती साखर ग्लुकोज की गॅलॅक्टोज, हे तुकडे सांगणार नाहीत. दोघांचं वजन तेच १६२.०५२८. सारणीत आज प्रामाणिकपणे लिहायचं झालं तर ‘ल्युटिओलिन-ओ-हेक्सोसाइड’ इतकंच.

जुनाकॉलम

वरची चर्चा वाचून राहवलं नाही. मी सगळी उमेद संयुगं वेगळी काढण्यात घालवली. सिलिकाचे उंच काचेचे कॉलम भरायचे, रात्र रात्र परीक्षानळ्या बदलायच्या, सकाळी टीएलसी (पातळ थरावर द्रव्यं वेगळी करून बघायची चाचणी). १९०६ साली मिखाईल त्स्वेत यांनी खडूच्या भुकटीतून पानांचा अर्क सोडून हिरवे-पिवळे पट्टे वेगळे केले आणि त्या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. आमचं काम त्याच जातीचं, फक्त नळ्या जास्त.

मला सांगायचंय ते ओळख पटवायला लागणाऱ्या वेळाबद्दल. कडुलिंबातलं ॲझाडिरॅक्टिन १९६८ साली वेगळं काढलं गेलं. हातात शुद्ध पदार्थ होता, कीटकांवर त्याचा परिणाम ठाऊक होता. तरीही त्याची बरोबर रचना पक्की व्हायला १९८५ उजाडलं. मधल्या काळात सुचवलेली रचना दुरुस्त करावी लागली. पॅसिफिक यू या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली होती आणि तिच्यातल्या टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये छापून आली. ही हुशार माणसं होती, आळशी नव्हती. रेणूच तसा अवघड होता. आज तेच काम यादीतली एक ओळ म्हणून सेकंदात समोर येतं, तेव्हा त्या ओळीकडे थोडं थांबून बघायला हवं.

पानशिरा, तुमच्याकडे पानं भरपूर असतील तर प्रिपरेटिव्ह कॉलमवर ते शिखर गोळा करा. दोन मिलिग्रॅम पुरे. ड्युटेरिअमयुक्त मिथेनॉलमध्ये विरघळवून प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या हायड्रोजनांची मांडणी दाखवणारा वर्णपट) घ्या. केम्फेरॉल असेल तर बी-कड्याचे प्रोटॉन दोन-दोनच्या जोडीने ८.१ आणि ६.९ पीपीएमजवळ, समोरासमोर आरसा धरल्यासारखे दिसतील. ल्युटिओलिन असेल तर ती सममिती मोडलेली असेल आणि ६.६ च्या आसपास तिसऱ्या स्थानावरच्या प्रोटॉनचा एकटा सिंग्लेट, म्हणजे न फाटलेली एक रेघ, उभा असेल. साखरेचा पहिला प्रोटॉन ५.१ पीपीएमजवळ शोधा आणि त्याच्या दोन रेघांमधलं अंतर मोजा. सात-आठ हर्ट्झ आलं तर बीटा जोडणी, तीन-चार आलं तर अल्फा. ग्लुकोज की गॅलॅक्टोज हे चौथ्या स्थानावरच्या प्रोटॉनच्या फाटण्यावरून कळतं. गॅलॅक्टोजमध्ये तो अक्षीय नसतो, म्हणून तिथलं अंतर लहान येतं.

४.८७ ला पाण्याचं मोठं शिखर येईल, त्याला घाबरू नका. ३.३१ चं विद्रावकाचं. बाकीचं सगळं तुमच्या झाडाचं.

कुतूहल

जुनाकॉलम काका, ‘आरसा धरल्यासारखे’ वाचून मला पहिल्यांदाच एनएमआर म्हणजे काय ते डोळ्यांपुढे आलं.

रानवाटा

सगळे रेणूवर बोलताय, मी पानावर येते. मी वर्गीकरणशास्त्रातली.

पानशिरा ताईंनी सुरुवातीलाच लिहिलंय की प्रजातीची खात्री नाही. मग पहिलं काम तेच करा. फुलासकट फांदी दाबून वाळवा, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा, तिला क्रमांक घ्या, आणि तो क्रमांक लेखात छापा. ४४७ चं कोडं उद्या सुटेल, पण झाड कोणतं होतं हे दहा वर्षांनी कोणाला तपासायचं असेल तर तो कागदच कामी येईल.

ही कारकुनी बाब वाटत असेल तर एक प्रसंग सांगते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रान्ड्रा ही वनस्पती असायला हवी होती. दोघींची चिनी नावं जवळजवळ सारखी असल्याने तिच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची गेली. ॲरिस्टोलोकियात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली किंवा कायमची दुखावली, काहींना पुढे मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. यंत्राने एका क्षणात वेगळं दाखवलं असतं, पण आत काय आहे ते आधी कोणी पाहिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट, पान तोडल्यापासून अर्क होईपर्यंत काय घडतं. लसणाच्या अखंड पाकळीत ॲलिसिन जवळजवळ नसतंच. ॲलिइन एका कप्प्यात असतं, ॲलिइनेज हे विकर दुसऱ्यात. पाकळी चिरडली की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होतं. मोहरीच्या कुळातही ग्लुकोसिनोलेट आणि मायरोसिनेज असेच वेगळे ठेवलेले असतात. त्यामुळे ‘वनस्पतीत काय आहे’ आणि ‘खलबत्त्यात काय झालं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही द्रवरूप नायट्रोजन वापरलात ते फार बरं केलंत. उणे १९६ अंशांवर विकरं गप्प बसतात. पण मिथेनॉल घालायच्या आधी भुकटी वितळू दिली नाहीत ना, ते आठवून पाहा.

आणि अडुळशाचं उदाहरण तर घरचंच. त्यातलं वॅसिसिन हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू वॅसिसिनोनमध्ये बदलतं. पॉझिटिव्ह मोडमध्ये एक १८९.१०२२ ला दिसतं, दुसरं २०३.०८१५ ला. पानं उन्हात आठवडाभर वाळवून मग ‘वॅसिसिनोन भरपूर’ असं लिहिलं, तर त्यातलं किती झाडाने केलं आणि किती उन्हाने?

गंधवेल

रानवाटा ताईंच्या मुद्द्याला जोडून जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीवाल्यांची बाजू मांडते. माझं काम सुगंधी तेलांवर.

आमच्याकडे नावं देण्याची घाई आणखी जुनी आहे, कारण लायब्ररी (ज्ञात संयुगांच्या वर्णपटांचा संग्रह) पन्नास वर्षांपासून हाताशी आहे. शिखरावर क्लिक केलं की ‘९५ टक्के जुळणी’. पण मोनोटर्पिनांत डझनावारी संयुगांचं सूत्र तेच, वजन १३६, आणि तुकडेही भावंडांसारखे. जुळणीबरोबर रिटेन्शन इंडेक्स न छापलेली सारणी मी तरी गांभीर्याने घेत नाही. कोव्हाट्स यांनी १९५८ मध्ये ही कल्पना मांडली. सरळ साखळीच्या अल्केनांची मालिका त्याच कॉलमवर चालवायची आणि आपलं शिखर कोणत्या दोघांच्या मध्ये पडतं ते मोजायचं. काम फक्त एका अधिकच्या इंजेक्शनचं.

इंजेक्टरची उष्णताही लक्षात घ्या. जर्मॅक्रीन-ए गरम इंजेक्टरमध्ये स्वतःची फेरजुळणी करून बीटा-एलेमीन होतं. मी दोन वर्षं एका तेलात बीटा-एलेमीन नोंदवत होते. इंजेक्टरचं तापमान उतरवून पुन्हा चालवलं तेव्हा ते घटलं आणि जर्मॅक्रीन-ए चा फुगवटा वर आला. आधीचे दोन लेख आता मागे घेता येत नाहीत, पुढच्या लेखात दुरुस्ती लिहिली.

आणि कार्व्होन, डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं असलेलं! स्पिअरमिंटमधलं एका हाताचं, कॅरवेच्या बियांतलं दुसऱ्या हाताचं. वजन, तुकडे, साध्या कॉलमवरची वेळ, सगळं तंतोतंत सारखं. नाकाला मात्र फरक लगेच कळतो. आम्हाला तो बघायला कायरल कॉलम लागतो.

आकडेमोड

मी थोडं उलट बोलणार आहे, राग नसावा.

मी मेटाबोलोमिक्सच्या (सजीवातल्या सगळ्या लहान रेणूंच्या एकत्रित अभ्यासाच्या) विदेचं विश्लेषण करतो. प्रत्येक शिखर वेगळं काढून एनएमआर करायचं ठरवलं तर एकाही प्रकल्पाला अंत नाही. दोन हजार सिग्नलांपैकी बहुतेकांना नाव नसलं तरी त्यांचा उपयोग होतो. सावलीतली आणि उन्हातली पानं, कीड लागलेली आणि निरोगी, यांत कोणते सिग्नल वरखाली होतात हे नावाशिवाय कळतं. मग जे चाळीस-पन्नास महत्त्वाचे ठरतील त्यांच्यापुरतं जुनाकॉलम सरांच्या वाटेने जावं.

याच कारणासाठी २००७ मध्ये मेटाबोलोमिक्स स्टँडर्ड्स इनिशिएटिव्हने चार पातळ्या ठरवून दिल्या. पहिली पातळी म्हणजे शुद्ध स्टँडर्ड (ओळख पक्की असलेलं शुद्ध संयुग) त्याच यंत्रावर, त्याच परिस्थितीत चालवून निदान दोन स्वतंत्र गुणधर्म जुळवलेले. दुसरी म्हणजे लायब्ररीशी वर्णपट जुळला, पण स्टँडर्ड नव्हतं. तिसरी म्हणजे फक्त वर्ग कळला. चौथी म्हणजे अनोळखी. पानशिरा यांच्या सहाशे ओळींपुढे हा एक स्तंभ घातला की सारणी छापण्याजोगी होते. खोटेपणा यादीच्या लांबीत नसतो, चारही पातळ्या एकाच शाईत छापण्यात असतो.

मॉलेक्युलर नेटवर्किंगचाही विचार करा. जीएनपीएस या संकेतस्थळावर ते सगळ्यांसाठी खुलं आहे. ज्यांचे तुकडे एकमेकांसारखे, ते सिग्नल जाळ्यात शेजारी येतात. एका गाठीची ओळख पक्की झाली की शेजारच्या गाठींबद्दल अंदाज बांधता येतो. ही १६२ ने जड, म्हणजे एक हेक्सोज जास्त. ही १३२.०४२३ ने जड, म्हणजे पेंटोज. नाव मिळालं नाही तरी घराणं कळतं.

आणि कृपा करून नमुने चालवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. निरोगी पानं सकाळी आणि किडलेली संध्याकाळी चालवली, तर दिवसभरात यंत्राची संवेदनशीलता घसरते ती तुम्हाला ‘किडीचा परिणाम’ म्हणून दिसेल. सगळ्या नमुन्यांचा थोडा थोडा अर्क एकत्र करून तो क्यूसी (यंत्र स्थिर आहे का ते पाहायचा नमुना) म्हणून दर आठ-दहा इंजेक्शनांनंतर चालवा. तो स्थिर नसेल तर पुढे काही मोजू नका.

जुनाकॉलम

आकडेमोड, राग कसला. ‘एकाच शाईत छापण्यात’ हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

सूर्यकमळ

एक उपप्रश्न. आमच्याकडे मास स्पेक नाही. फोलिन-सिओकॅल्टोने एकूण फिनॉल्स आणि डीपीपीएचने अँटिऑक्सिडंट क्षमता, एवढंच करतो. हे कितपत धरायचं?

दशांशचिन्ह

फोलिन ७६५ नॅनोमीटरला जो निळा रंग देतो तो क्षपण करू शकणाऱ्या सगळ्याच द्रव्यांचा असतो. क जीवनसत्त्वही तो रंग देतं, काही प्रथिनंसुद्धा देतात. नमुन्यानमुन्यांची तुलना करायला वापरा, पण आकड्यापुढे ‘गॅलिक आम्लाच्या तुलनेत’ हे शब्द कधीही गाळू नका. डीपीपीएच ही परीक्षानळीतली अभिक्रिया आहे. ५१७ नॅनोमीटरचा जांभळा रंग उडाला म्हणून शरीरात काय होईल याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. निष्कर्षात रोगांची नावं आणू नका, एवढी एकच विनंती.

रानवाटा

पानशिरा ताई, ते ट्रॅमाडॉल तसंच राहिलं. त्याच्यामागे खरीखुरी घटना आहे.

२०१३ मध्ये कॅमेरूनमधल्या नॉक्लिया लॅटिफोलिया या झाडाच्या मुळाच्या सालीत ट्रॅमाडॉल सापडल्याचा लेख आला. ते मानवनिर्मित औषध, त्यामुळे बातमी जगभर गेली. लेखकांनी काम वरवरचं केलं नव्हतं. पदार्थ वेगळा काढला होता, रचना पक्की केली होती. रेणू खरोखरच ट्रॅमाडॉल होता. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने त्याच भागात जाऊन पाहिलं, तर शेजारच्या इतर झाडांच्या मुळांतही ते होतं, मातीत आणि पाण्यात होतं, आणि त्याच्यासोबत सस्तन प्राण्याच्या शरीरातच तयार होणारी त्याची उपद्रव्यंही होती. तिथले शेतकरी गुरांना हे औषध देत होते. गुरांच्या मूत्रातून ते जमिनीत आणि जमिनीतून मुळांत गेलं, असा त्यांचा निष्कर्ष. पहिल्या गटाला तो मान्य झाला नाही, पुढे बरीच उत्तरं-प्रत्युत्तरं झाली. माझ्या मते मातीतल्या उपद्रव्यांचा पुरावा भारी आहे.

म्हणून नाव बरोबर निघालं, तरी ‘हे झाडाने बनवलं का’ हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याला उत्तर द्यायचं तर दुसऱ्या ठिकाणची तीच वनस्पती तपासा, शक्य असेल तर स्वच्छ मातीत बी लावून वाढवलेली तपासा.

पानशिरा

महिनाभराने परत येतेय. सगळ्यांचं ऐकलं, काय झालं ते क्रमाने सांगते.

ट्रॅमाडॉल आधी तपासलं. २६४.१९५८ ला वजन जुळत होतं, पण तुकडा ५८.०६५ यायला हवा होता, तो नव्हता. वेळही जुळली नाही. ते ट्रॅमाडॉल नव्हतंच, सॉफ्टवेअरने फक्त वजनावरून चिकटवलं होतं. स्पंजाचं अल्कलॉइड आणि तणनाशक दोन्ही तसेच गेले.

ब्लँक वजा केल्यावर दोन हजारांतले तीनशेहून जास्त सिग्नल गळाले. त्यांत ४४.०२६२ च्या अंतराने उभी असलेली पॉलिएथिलीन ग्लायकॉलची अख्खी शिडी होती, ती मला आधी दिसलीच नव्हती. आता दिसली की नजर आपोआप तिकडे जाते.

४४७.०९३३ साठी सिनारोसाइड आणि ॲस्ट्रागॅलिन, दोन्हींची शुद्ध स्टँडर्ड मिळवली. ॲस्ट्रागॅलिन उशिरा आलं, वेगळं पडलं. सिनारोसाइड ७.८ लाच आलं. मग अर्कात थोडं स्टँडर्ड मिसळून चालवलं. शिखर उंच झालं, पण खांदा फुटला नाही, रुंदीही वाढली नाही. तुकड्यांची उंची एकमेकांच्या प्रमाणात तशीच. ल्युटिओलिन-७-ओ-ग्लुकोसाइड, पातळी एक. गॅलॅक्टोजचं स्टँडर्ड नव्हतं, म्हणून जुनाकॉलम काकांच्या सांगण्यावरून शिखर गोळा करून एनएमआरही घेतला. ५.०८ पीपीएमला दोन रेघा, अंतर ७.४ हर्ट्झ. ६.६ जवळचा तो एकटा सिंग्लेट दिसला तेव्हा मी स्क्रीनसमोरून उठून शेजारच्या मैत्रिणीला हाक मारून आणलं. चौथ्या प्रोटॉनचं अंतरही मोठं, म्हणजे ग्लुकोजच.

फुलासकट फांदी हर्बेरियममध्ये जमा झाली, क्रमांक मिळाला, प्रजाती तज्ज्ञांनी पक्की केली. माझी पहिली समजूत चुकीची होती. त्याच वंशातली दुसरी प्रजाती निघाली.

सारणी आता सहाशेची राहिली नाही. पहिल्या पातळीवर नऊ नावं आहेत. दुसऱ्या पातळीची वेगळ्या सारणीत. तिसरी नुसत्या वर्गांसकट पुरवणीत. बाकीच्यांना वजन आणि वेळ, एवढीच ओळख ठेवली. ‘फक्त नऊ?’ असं विचारलं गेलं. मी नऊच ठेवली.

आता पुढचं. निगेटिव्ह मोड, ५७७.१५६३, वेळ ७.१ मिनिटं. तुकडे ४१३.०८८ आणि २९३.०४५, दोन्ही जोरात. ४३१ अगदीच नगण्य. सॉफ्टवेअर ऱ्होइफोलिन म्हणतंय. मला पटत नाहीये, पण का ते नेमकं मांडता येत नाही.

दशांशचिन्ह

नऊ नावांबद्दल अभिनंदन.

ऱ्होइफोलिनमध्ये दोन्ही साखरा ऑक्सिजनवर एकामागे एक असतात. त्या सुटल्या की २६९.०४५, म्हणजे एपिजेनिन उघडं पडायला हवं. तुमच्याकडे ते आहे का, ते आधी बघा. नसेल तर तुमची शंका रास्त आहे. ५७७.१५६ मधून ४१३.०८८ म्हणजे १६४.०६८५ गेले, ऱ्हॅम्नोज पाण्यासकट. आणि ४१३ मधून २९३ म्हणजे १२०. ते १२० आपण वर पाहिलेत, साखर कार्बनला चिकटलेली असते तेव्हाचे. म्हणजे कार्बनवर एक हेक्सोज आणि त्या हेक्सोजवर ऱ्हॅम्नोज, असं दिसतंय. हेक्सोज सहाव्या कार्बनवर की आठव्या, हे बघायला ४५७ च्या आसपास काही आहे का तेही सांगा. आणि व्हिटेक्सिन-२-ऱ्हॅम्नोसाइडचं स्टँडर्ड मागवून ठेवा.

पानशिरा

२६९ नाही. ४५७ ला अगदी बारीक काहीतरी आहे, ते ब्लँकमध्येही आहे का ते आधी पाहते. स्टँडर्डची मागणी आजच टाकते.